सवलतीच्या यादीतला लॅपटॉप

गोरेगाव,
१७ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
सुबोधचा सा. न. वि. वि.

टपालाने आलेलं पत्र बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. हसू नकोस. माझा फोन ऑफिसचा आहे आणि या विषयावर त्यात एक अक्षरही नको. तूही फोन करू नकोस.

भावोजींचा जुना लॅपटॉप दिशाने विद्यापीठात नेला, तेव्हा आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या वायफायने तो घेतला नव्हता. बारा वर्षांचं मशीन. आमचं नवं लॉगिन त्याला झेपत नाही आणि असली मशीन आत घ्यायची नाहीत असा नियमच आहे. तू चारदा फोन केलास, पोरीचा एम.ए.चा प्रबंध अडलाय म्हणालीस. मग मी पळवाट काढली. प्रिंटरला लॉगिन करता येत नाही, म्हणून तसल्या यंत्रांसाठी सवलतीची एक यादी असते. त्यात मी दिशाचा लॅपटॉप प्रिंटर म्हणून घातला.

गेल्या बुधवारी त्यातूनच व्हायरस शिरला. परीक्षा विभागातले एकोणतीस कॉम्प्युटर बंद पडले, निकाल अडकले, चौकशी समिती बसली. लॅपटॉप कुणाचा हे अजून कुणाला कळलेलं नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. नोंद केली त्या दिवशी माझा कॉम्प्युटर बिघडला होता. शेजारच्या टेबलावरची शीतल जेवायला गेली होती आणि तिचा उघडाच होता. मी तिथे बसून दोन मिनिटांत काम उरकलं. त्यामुळे नोंदीपुढे नाव तिचं आहे. ती कंत्राटावर आहे आणि ३१ तारखेला तिचं कंत्राट संपतंय.

दिशाला लॅपटॉप विद्यापीठात आणू देऊ नकोस. कारण सांगू नकोस.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
सुबोध


मुलुंड,
१९ मार्च २०२५

चि. सुबोध यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. लॅपटॉप माळ्यावर चढवला. दिशाला सांगितलं, दुरुस्तीला दिलाय. तिचं सगळं लिखाण त्यात आहे, त्यामुळे ती कालपासून माझ्याशी धड बोलत नाही. तुझ्या भावोजींना यातलं काही माहीत नाही आणि कळायलाही नको.

आता मी सांगते ते ऐक. गप्प राहा. तुझी नोकरीची तीन वर्षं राहिलीत. दिशाची परीक्षा दीड महिन्यावर आली. लॅपटॉप तिचा निघाला तर तिला बसू तरी देतील का? शीतलचं म्हणशील तर तिचं कंत्राट संपणारच होतं, तरुण आहे, दुसरीकडे काम मिळेल. हे लिहिताना मला फार बरं वाटतंय असं नाही. पण एका बाजूला माझी मुलगी आणि माझा भाऊ असताना मी दुसरं काय लिहू?

लहानपणी कुणाची काच फुटली की विचारायच्या आत तू कबूल करून मोकळा व्हायचास आणि बाबांचा मार खायचास. निदान या वयात तरी तो शहाणपणा करू नकोस.

वेळेवर जेव. ताईवर भरवसा ठेव.

तुझी
ताई


गोरेगाव,
२१ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
सुबोधचा सा. न. वि. वि.

आज समितीने शीतलला बोलावलं होतं. चाळीस मिनिटं ती आत होती. बाहेर आली ती सरळ माझ्याच टेबलाशी. सहा वर्षांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा सगळं मीच शिकवलं, अजूनही काही अडलं की मलाच विचारते. आज तिने विचारलं की सर, माझ्या हातून चुकून तर झालं नसेल ना, मला काही केल्या आठवत नाहीये.

ताई, मी तिला म्हणालो की होतं असं कधी कधी, घाबरू नकोस.

तिने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. मग कॅलेंडर काढून बघत राहिली, त्या दिवशी आपण काय काय केलं ते. आता तिचं तिलाच पटायला लागलंय.

मंगळवारी अकरा वाजता शेवटची बैठक आहे. तिच्याकडून लेखी माफीनामा मागितलाय. ती कुठेही नोकरीला गेली तरी तो कागद तिच्या मागे जाणार.

तुझ्या सांगण्यावरून मी गप्प आहे असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मलाच भीती वाटते. काय करू ते लगेच कळव.

तुझ्या पत्राची वाट बघतो. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
सुबोध


मुलुंड,
२४ मार्च २०२५

प्रिय मामा,
स. न.

आईने तुला द्यायला दिलेलं पाकीट मी रिक्षात फोडलं. चुकलंच. पण तुमचं दोघांचं फोनवरचं बोलणं आठवडाभर बंद, त्यात घट्ट चिकटवलेलं पाकीट, मला संशय येणार नाही का? आत लिहिलं होतं की मंगळवारपर्यंत कळ काढ, शीतलने सही केली की विषय मिटला. मी रिक्षा वळवून घरी आले आणि आईकडे तुझी दोन्ही पत्रं मागितली. तिने आधी आरडाओरडा केला, मग रडत दिली.

मामा, मी शीतलताईला ओळखते रे. लॅपटॉप वायफायला लागेना तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडेच गेले होते. तिने अर्धा तास खटपट केली आणि मग स्पष्ट सांगितलं की हे नियमात बसत नाही, मी करून देऊ शकत नाही, लायब्ररीतला कॉम्प्युटर वापर. मला रागच आला तिचा. मग तू दोन दिवसांत काम करून दिलंस आणि मी मैत्रिणींना सांगत सुटले की आपला मामा म्हणजे झकास माणूस. तिने नाही म्हटलेलं काम आज तिच्याच नावावर चढलंय!

हे पत्र आजच तुझ्या दाराखालून सरकवून जाते. उद्या अकराला मी लॅपटॉप घेऊन तिथे येणार आहे. परीक्षेचं काय व्हायचं ते होईल. पण त्या लोकांसमोर तुझं नाव घ्यायची पाळी माझ्यावर आणू नकोस. तू आधी जा.

राग धरू नकोस असं लिहिणार नाही. धरायचा तर धर.

तुझी
दिशा


गोरेगाव,
२६ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
सुबोधचा सा. न. वि. वि.

तुला दिशाकडून कळलंच असेल, तरी मी लिहायला हवं.

पावणेअकराला मी वर गेलो. बाकावर दिशा बसली होती, लॅपटॉप मांडीवर. शेजारी शीतल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत माफीनामा. दिशाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगतो, तेव्हाही मला जिना उतरून जावंसं वाटलं. मग शिपाई दादूने शीतलचं नाव पुकारलं. ती उठली, पिशवीतून कागद काढायला लागली. ते मला बघवेना. मी तिला थांब म्हणालो आणि आत गेलो.

सगळं सांगितलं. आमचे प्रमुख देवदत्त सर यांनी दोनदा विचारलं की तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना. मी हो म्हणालो. मला निलंबित केलंय, पुढची चौकशी होईल. लॅपटॉप जप्त झाला, पण आधी दिशाचं लिखाण तपासून तिला काढून दिलं. तिला लेखी ताकीद मिळाली, परीक्षेला बसता येईल. शीतलवरचा ठपका काढला. तिचं कंत्राट वाढवू असं तोंडी कबूल केलंय.

बाहेर आल्यावर मी शीतलची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली की शुक्रवारी मी घरी सगळ्यांना सांगून बसले होते, माझ्याच हातून झालं म्हणून. आणि निघून गेली.

दिशा मात्र गेटपर्यंत माझ्याबरोबर आली.

तुला शरम वाटत असेल तर वाटू दे, पण अंतर देऊ नकोस.

तुझा
सुबोध


मुलुंड,
२८ मार्च २०२५

चि. सुबोध यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शरम कुणाची कुणाला वाटायची, ते मला कळेनासं झालंय. तू निदान आठवडाभर तडफडलास. मी मात्र दुसरं पत्र लिहून, पाकीट चिकटवून स्वयंपाकाला लागले होते.

काल दिशाने चिठ्ठीवर लिहून दिलेला पत्ता घेऊन घाटकोपरला शीतलच्या घरी गेले. ती कामावर होती, तिची आई भेटली. मी कोण ते सांगितलं आणि गप्प राहा असं भावाला लिहिणारी मीच, हेही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. पाणी दिलं, चहा विचारला नाही. त्या म्हणाल्या की शुक्रवारी मीच पोरीला बोलले, एवढं शिकून लक्ष कुठे असतं तुझं. तिने एका शब्दाने उलट उत्तर दिलं नाही म्हणे. पाणी संपवून आले.

रविवारी पाडवा आहे. भावोजींना सगळं सांगितलंय, ते तुला बोलतील. ऐकून घे. पण जेवायला ये. दिशाने भावोजींकरवी तुझं पान मांडायला सांगितलंय, माझ्याशी ती अजून बोलत नाही.

आपल्या दोघांना सांभाळून घेणारं कुणीतरी असू दे.

तुझी
ताई