काटा खोटं बोलतो

१ डिसेंबर, रविवार
गाडीच्या टेम्परेचरचा काटा वेडा झालाय. हेडलाइट लावले की उडी मारून लाल पट्टीवर, बंद केले की खाली. इंडिकेटर दिला तर त्याच्या तालावर नाचतो. दामिनी म्हणाली, गॅरेजला टाका. मी म्हणालो, स्वतःच्या गाडीचं दुखणं माणसाला स्वतः कळलं पाहिजे. ती कपडे वाळत घालायला गेली. पटलं असावं.

पुढच्या सोमवारी सासऱ्यांना, म्हणजे दामिनीच्या वडिलांना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला न्यायचंय. नागप्पा मामा एसटीनं जायला तयार होते. मीच फोनवर ठणकावलं, जावयाच्या दारात गाडी असताना तुम्ही एसटीत धक्के खायचे का? शब्द दिलाय. पण आठवडा हातात आहे. भरपूर झाला.

२ डिसेंबर, दुपार, दुकानात
निदान झालं. सेन्सर. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून शांत विचार करता आला. मी ठिबकच्या नळ्या विकतो. पाणी एका नळीतून दुसरीत कसं जातं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. इंजिन म्हणजे तरी काय? गरम झालेलं ठिबक.

४ डिसेंबर
सेन्सर बदलला. काढताना इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट कोपरापर्यंत आलं. एक जाड रबरी नळी हाताच्या आड येत होती, ती ओढून बाजूला केली, नंतर परत बसवली. क्लिप जरा सैल वाटते. आमच्या धंद्यात एवढं चालतं. सांडलेल्याच्या जागी घरातलं फिल्टरचं पाणी ओतलं. प्यायचं पाणी कुठं गेलं, असं दामिनीनं विचारलं. सत्कारणी लागलं, म्हणालो.

काटा अजून नाचतो. नवा सेन्सरच खराब निघाला असणार. हल्ली माल असाच येतो.

६ डिसेंबर, संध्याकाळ
विजय. एक व्हिडिओ सापडला. तेलुगूत होता, पण वायरला भाषा नसते. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर, तिचं टोक गंजलेलं. पॉलिश पेपरनं घासून घट्ट आवळलं. मग हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, सगळं एकदम चालू करून बघितलं. गल्लीतले लोक बाहेर आले. काटा ढिम्म. दामिनीला बोलावून दाखवलं. हाव, थांबला, म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी म्हणाली नव्हती.

७ डिसेंबर
मुरुडपर्यंत ट्रायल. जाताना काटा लाल पट्टीवर. म्हणजे खोड गेली नाही, फक्त पद्धत बदलली. आधी उड्या मारायचा, आता सावकाश चढतो. लबाड माणूस वय झाल्यावर असाच होतो.

गाडीखाली हिरवट पाणी पडलं होतं. एसीचं असेल. एसी बंद होता, पण जुनं पाणी साठून राहतं.

निर्णय: खोटारड्याकडे बघायचंच नाही. काट्यावर दुकानाचं स्टिकर चिकटवलं. 'थेंबाथेंबाचा भरोसा.' डॅशबोर्डला शोभा आली.

९ डिसेंबर, सोमवार, लोहा
सकाळी लवकर निघालो. मामा पुढे, दामिनी मागे. अहमदपूरपर्यंत गाडी लोण्यासारखी.

पुढे मामा म्हणाले, "जावईबापू, कायतरी करपून राहिलंय."
शेतात पाचट जाळत असतील, म्हणालो.
थोड्या वेळानं म्हणाले, "धुकं लई पडलंय."
मागून दामिनी म्हणाली, "अप्पा, ते धुकं न्हाई. बोनेटातनं निघून राहिलंय."

डिसेंबर आहे, धुकं असू शकतं, असं मी सांगत होतो, तेवढ्यात आतून ठप्प असा आवाज आला आणि गाडी लोह्याच्या अलीकडे उभी राहिली. नांदेडची एसटी येतच होती. दामिनीनं हात केला. माझ्याकडे न बघता मामांना वर चढवलं. मामा पायरीवर थांबून म्हणाले, "तुमच्या गाडीत ऊब चांगली होती, बापू."

ट्रॅक्टरनं ओढून गाडी गॅरेजला आणली. इंजिन तापून त्याचं हेड गेलंय, सगळं खोलावं लागतंय म्हणे. ती रबरी नळी कधीच निसटली होती, आत पाण्याचा थेंब नाही. गॅरेजवाल्यानं स्टिकर काढून बघितलं. म्हणाला, काटा मात्र एकदम बरोबर दाखवून राहिलाय.
म्हणजे काटा मी दुरुस्त केला होता. हे कुणाला तरी सांगायला पाहिजे. दामिनी फोन उचलत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार
ऑपरेशन छान झालं. मामांना आणायला एसटीनं नांदेडला गेलो, काट्याची गोष्ट त्यांना एकदाची सांगून टाकली, एसटीनंच परत निघालो. मामांना खिडकी दिली. दामिनी त्यांच्यामागे. मी उभा.

लोह्यात बस नेमकी गॅरेजसमोर थांबली. मी मोबाईलमध्ये तोंड घातलं. मामा काळा चष्मा वर करून बाहेर बघत होते. मग शेजारच्या माणसाला म्हणाले, "ती पांढरी गाडी दिसून राहिली का? बोनेट उघडं हाय ती. आमच्या जावयाची."

काय झालंय तिला, त्यानं विचारलं.
"काय न्हाई," मामा म्हणाले. "काटा दुरुस्त केला."

अख्ख्या बसनं वळून गाडीकडे बघितलं. मीपण बघितलं. अनोळखी माणसासारखं.