मुंबईला कशानं जावं

हुपरी,
अमावस्या, सकाळ

प्रिय जोतीराम,

माझ्यावर रागावला आहेस, ठाऊक आहे. तुझी टॅक्सी नको, हा निरोप मीच धाडला होता. पण हे पत्र फाडू नको. आधी वाच, मग अक्काला हव्या तेवढ्या शिव्या घाल.

तुझ्या दाजींच्या डाव्या डोळ्यापुढं काळोख उतरला, तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आतला पडदा सुटलाय, आठ दिवसांत मुंबईला ऑपरेशन करा, निजवून न्या, हिसका बसता कामा नये. आणि आम्ही काय केलं? तोलत बसलो. हुपरीची माणसं ना, चांदीच्या पैंजणाचं घुंगरूसुद्धा काट्यावर घालणारी! विमान म्हणजे तासाभराचं काम, पण ते बेळगावहून. तिथवर एस.टी.त हाडं खिळखिळी व्हायची, आणि दोघांचं भाडं म्हणजे चार महिन्यांची मजुरी. शिवाय वर गेल्यावर डोळ्यावर दाब येतो, असं शेजारच्या चिमणाबाईनं सांगितलं. ती कधी विमानात बसली होती, देव जाणे. रेल्वे स्वस्त, निजून जाता येतं, पण झोपायची जागा मिळाली ती नवव्या दिवसाची. राहिली तुझी टॅक्सी. मागच्या सीटवर आडवं व्हायचं, एका दिवसात मुंबई. तू तर पेट्रोलचेही पैसे नको म्हणालास, आणि तिथंच माशी शिंकली. "मेव्हण्याच्या जिवावर मुंबई गाठायची? आमची अजून तेवढी दशा न्हाय," तुझे दाजी म्हणाले. तुला मात्र घाटातल्या खड्ड्यांचं कारण कळवायला लावलं. मीही कळवलं. आग लागो माझ्या शहाणपणाला.

नवव्या दिवशी रेल्वेनं निघालो. सगळी वाट त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते, एक हिसका बसू दिला नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, इतके दिवस काय करत होता? ऑपरेशन झालं, पण डोळा गेला तो गेलाच. तुला हे कळवायचंही मला तोंड राहिलं नव्हतं.

आता एका डोळ्यानं शेगडीच्या जाळावर पैंजणाच्या कड्या जोडतात. परवा कडी समजून स्वतःच्या बोटालाच चटका दिला. वर हसले. मी चुलीपाशी जाऊन रडले, आणि भाकरी करपली म्हणून शिव्या खाल्ल्या.

आज हे का लिहिते आहे ते सांगते. सकाळपासून म्हणतात, उजव्या डोळ्यापुढं ठिणग्या उडतात, शेगडीच्या असतील. अरे, आज अमावस्या, काम बंद, शेगडी गार पडली आहे. डाव्याचीही सुरुवात अशीच झाली होती. आणि हा माणूस म्हणतो, अमावस्येला घराबाहेर पडायचं नाही, उद्या रेल्वेची चौकशी करू. हात जोडते तुला. पत्र गुंडू कंडक्टरजवळ देते आहे, तो कोल्हापूरच्या स्टँडवर तुला गाठेल. मिळताक्षणी गाडी घेऊन ये. त्यांना विचारू नको, मलासुद्धा विचारू नको. नाहीच म्हणाले, तर दोघं मिळून उचलून गाडीत घालू. मग मला जन्मभर बोलू देत, पण माझं तोंड बघून बोलू देत.

तुझीच,
अंबूअक्का