सहा सेकंद आणि सत्त्याण्णव गुण

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरचा आहे, तेव्हा आशीर्वाद द्यायला वाकू नका. तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो ते मामींनी कळवलं आहे.) मामींनाही नमस्कार. तुमचा रक्तदाब, मामींचा खोकला आणि तुमच्या बसचा क्लच या तिघांच्याही दुखण्याला उतार पडला असेल अशी आशा करते. इकडे आई बरी आहे. बाबाही बरे आहेत, हे तुम्ही विचारणार नाही म्हणून न विचारताच सांगते. खरं तर फोनच करणार होते, पण फोनवर बाबांचं नाव निघालं की तुमच्याकडची रेंज जाते असा माझा नऊ वर्षांचा अनुभव आहे. पत्राला रेंज लागत नाही. ते फाडता येतं, पण तुम्ही फाडण्याआधी दोनदा वाचता असं मामी म्हणाल्या.

मला नोकरी लागल्याचं तुम्हाला कळलंच असेल. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, त्यामुळे ती आली त्या दिवशी बाबांनी तिला काच लावून आणली आणि पुढच्या खोलीत कारखान्याच्या संघाच्या फोटोशेजारी टांगली. शेजारी म्हणजे थोडीशी फोटोवरच. फोटोत दहा खेळाडू आहेत, आता नऊ दिसतात. दहावा कोण ते मी लिहीत नाही. माझ्या शिक्षणाचा असा उपयोग व्हावा याचं मला वाईट वाटलं, पण आई म्हणाली, “खिळा तिथेच होता म्हणतात, मी काय बोलणार?”

तर नोकरी. आमच्या कचेरीत व्हिडिओ गेम बनवतात. सध्या बास्केटबॉलचा बनतो आहे आणि तो खऱ्या खेळाडूला खरा वाटतो का हे तपासून अहवाल लिहिणं हे माझं काम. मुलाखतीत आमच्या प्रमुखांनी (वय सव्वीस, खोलीतही टोपी घालतात, बास्केटबॉल फक्त पडद्यावर पाहिलेला) मला विचारलं की तुमचा या खेळाशी संबंध काय. मी म्हटलं, माझ्या घरात दोन अनुभवी खेळाडू आहेत, बावीस वर्षं एकाच संघातून खेळलेले. हे शंभर टक्के खरं आहे. ते एकमेकांशी बोलतात का, हे कोणी विचारलं नाही आणि विचारल्याशिवाय जास्त बोलू नये असं मुलाखतीच्या पुस्तकात दिलेलं होतं. पण मग मला राहवलं नाही. मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. मी म्हटलं, सर, एका माणसाने सांगितलं तर ते मत, स्वतंत्रपणे दोघांनी सांगितलं तर निरीक्षण. ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी लिहूनच घेतलं. त्या वाक्याने मला नोकरी मिळाली आणि तेच वाक्य आता माझ्या गळ्याशी आलं आहे, ते कसं ते पुढे येईल. तीन महिन्यांच्या परीक्षेवर घेतलं आहे. सोमवारी परीक्षा संपते. त्या दिवशी अहवाल टेबलावर हवा, नाहीतर मी घरी.

पहिला अनुभवी खेळाडू मी मागच्या आठवड्यात कचेरीत नेला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, जुने खेळाचे बूट कापडी पिशवीत घेऊन आले. पिशवी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, “खेळायला बोलावलंस ना?” तिसऱ्या मजल्यावरची आमची खोली म्हणजे काळे पडदे, बसायला एक कोच, भिंतभर पडदा आणि दोन कंट्रोलर. बाबांनी खोलीभर नजर फिरवली आणि हळूच विचारलं, “चेंडू कुठंय?” मी कंट्रोलर हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला (घरी ते टीव्हीचा रिमोटही असाच तपासतात, जणू आत कोणी लपलं आहे), मग खाली बसले, बूट घातले, नाड्या बांधल्या आणि तुम्ही लोक मैदानावर करता तसं तळव्याने बुटांचे तळ पुसले. चेंडू पकडायच्या आधी हात बुटाच्या तळाला लावायचाच, ही तुमच्या संघाची शिस्त. त्या हाताने कंट्रोलर धरल्यामुळे पंधरा मिनिटांत त्याचं डावं बटण रुतून बसलं आणि आमचा खेळाडू मैदानात गोल गोल फिरू लागला. बाबा म्हणाले, “हे मात्र खरं वाटतं. आमचा सात नंबर असाच खेळायचा.”

यानंतर त्यांनी धड कंट्रोलर घेऊन सामना सुरू केला आणि पहिल्याच मिनिटाला त्यांच्याकडून फाउल झाला. पडद्यावरच्या पंचांनी शिट्टी मारली. बाबांनी ताडकन कोचावरून उठून, कंट्रोलर खाली ठेवून, उजवा हात सरळ वर केला. मला वाटलं पाठीत लचक भरली. पण नाही, ज्याचा फाउल त्याने हात वर करायचा, लपवायचा नाही, असं तुमच्या वेळी होतं म्हणे. मी सांगितलं, बाबा, इथे गरज नाही, कंप्युटरला कळलेलं असतं. ते म्हणाले, “त्याला कळलं असेल गं, पण मी कबूल केलं हे कसं कळणार?” बाबा असे हात वर करून उभे असताना समोरच्या संघाने चार बास्केट केले. एकूण सामन्यात बाबांनी नऊ वेळा हात वर केला आणि आम्ही एकसष्ट गुणांनी हरलो. पुढे ते थकले तेव्हा कोचावरून उठून बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि आमच्या टोपीवाल्या प्रमुखांना म्हणाले, “जा, तू आत जा.” प्रमुख बिचारे आत गेले, म्हणजे कोचावर बसले. बाबा खुर्चीवरून त्यांना दोन तास ओरडत होते. माझी नोकरी तिथेच संपली असं मला वाटलं, पण प्रमुख घाम पुसत म्हणाले की शाळा सुटल्यापासून त्यांना इतकं कोणी रागावलं नव्हतं, बरं वाटलं.

बाबांचे आक्षेप मी जसेच्या तसे टिपून घेतले आहेत, चौदा पानं झाली. खेळाडूंना घाम पहिल्या मिनिटापासून सगळीकडे सारखा येतो, खरा घाम आधी मानेवर येतो. चेंडू सगळीकडे सारखाच उसळतो, तर कारखान्याच्या मैदानावर डाव्या कोपऱ्यात चेंडू उसळायचाच नाही आणि तुम्ही दोघं समोरच्याला गोड बोलून तिकडेच न्यायचा. प्रेक्षक तीस हजार दाखवले आहेत, जास्तीत जास्त सतरा असतात आणि त्यातला एक वॉचमन. पण त्यांचा सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच होता. बराच वेळ पडद्याकडे बघून ते म्हणाले, “हे बोलत का नाहीत? मैदानावर कोणी गप्प असतं का? भांडणं झालीत का यांची?” मी म्हटलं, आवाजाचं काम अजून बाकी आहे. त्यावर ते म्हणाले, “मग हा संघ नाही. पाच माणसं आहेत नुसती.” (हे वाक्य अहवालात पान सहावर आहे. तुम्ही ते सावकाश वाचावं असं मला वाटतं.)

आता माझा मूर्खपणा. आमच्या गेममध्ये आपल्याला हवा तो खेळाडू तयार करता येतो. उंची, वेग, उडी, नेम, चेंडू पकडणारे हात, प्रत्येकाला शंभरपैकी गुण द्यायचे. ते बघून माझ्या मनात असं आलं की तुमच्या शेवटच्या सामन्याचा निकाल शास्त्रीय पद्धतीने लावता येईल. ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या आणि बाबांच्या सांगण्यात फरक असल्यामुळे दोन्ही बाजू लिहिते. अंतिम सामना, आपण एका गुणाने मागे, सहा सेकंद शिल्लक, चेंडू बाबांकडे. तुमचं म्हणणं, तुम्ही बास्केटखाली एकटे, हात वर करून मोकळे उभे होता, बाबांनी पास दिला नाही, स्वतः मारला आणि घालवला. बाबांचं म्हणणं, तुम्ही बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबला होता, पास दिला असता तर नियमाप्रमाणे शिट्टी वाजून चेंडू गेलाच असता. एवढ्यावरून नऊ वर्षं. मला वाटलं, तेच सहा सेकंद शंभर वेळा खेळून बघू, सरासरी काढू, आलेख काढू, आणि घराघरातली भांडणं अशी मिटवता येतात हे जगाला दाखवू. (पदवी मिळाल्यावर पहिलं वर्ष माणसाला असं वाटतं म्हणतात.)

तुमचे गुण बाबांनीच भरले. वेग पंचावन्न, उडी चाळीस, हात बासष्ट. मी विचारलं, बाबा, ज्यांना अख्खा कारखाना डिंक म्हणायचा, चेंडू हाताला चिकटतो म्हणून, त्यांच्या हातांना बासष्ट? याला आधार काय? ते म्हणाले, “बावीस वर्षं शेजारी उभा होतो, हाच आधार.” शिवाय ‘स्वभाव’ असा रकाना का नाही, असंही विचारलं, त्यात तुम्हाला उणे गुण द्यायचा त्यांचा विचार होता. स्वतःच्या वेगाला त्यांनी अठ्ठ्याऐंशी दिले. आईला घरी हे सांगितलं तर ती पाणी पिता पिता ठसकली.

मग सुरू झाले ते सहा सेकंद. पहिल्या चाळीस वेळा बाबांनी स्वतःच चेंडू मारला. अकरा वेळा आत गेला, एकोणतीस वेळा नाही. मी आकडे मोठ्याने वाचले. एक्केचाळिसाव्या वेळी, माझ्याकडे न बघता, त्यांनी पासचं बटण दाबलं. चेंडू सरळ तुमच्याकडे गेला, तुम्ही हात वर करून मोकळे उभे होता, आणि तुमच्या हातातून तो सुटला.

मामा, बाबा उभे राहिले. खोलीत सहा माणसं काम करत होती, ती सगळी वळली. बाबा म्हणाले, “सुटला? त्याच्या हातातून? पावसात, बोट मोडलेलं असताना, अर्धा कारखाना अंगावर आला तरी ज्याच्या हातून चेंडू सुटला नाही, त्याच्या हातून? लिही. तुझ्या त्या कागदावर पहिलं हे लिही. खोटा आहे हा गेम.” प्रमुख धावत आले, त्यांनी तुमचे गुण बघितले आणि नम्रपणे म्हणाले की काका, हातांना बासष्ट दिलेत, मग सुटणारच. बाबा खाली बसले. बराच वेळ बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिले. मग मला म्हणाले, “सत्त्याण्णव कर.” मी म्हटलं, मग शंभरच करू. म्हणाले, “नको. माजेल.”

सत्त्याण्णववर तुम्ही चेंडू पकडला. आणि शिट्टी वाजली. तीन सेकंद! बाबा असे हसले की दुसऱ्या मजल्यावरचे लोक वर आले. “बघ! बघितलंस? मी काय सांगत होतो?” मला वाटलं, झालं, निकाल लागला, आता हे घरी जाऊन फोटोवर दुसरी पदवी लावणार. पण त्यांनी खेळ थांबवला नाही. पुन्हा लावला. पुन्हा शिट्टी. पुन्हा लावला, आणि या वेळी हातात चेंडू आल्या आल्या दिला. तुम्ही पकडला, वळला, आत टाकला. शिट्टी नाही. आपण एका गुणाने जिंकलो. तीस हजार खोटी माणसं ओरडत होती. बाबा कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणाले, आणि हे फक्त मी ऐकलं, “दोन सेकंद आधी द्यायला हवा होता.”

म्हणजे मामा, तुम्ही जास्त वेळ थांबला होता हे खरं, आणि ते बाबांनी थांबवून ठेवलं म्हणून, हेही खरं. शास्त्रीयदृष्ट्या दोघंही बरोबर. सरासरी काढायची गरज पडली नाही.

बाकी विशेष काही नाही. तब्येतीला जपा, बस सावकाश चालवा, मामींना काढा घ्यायला लावा.

तुमची भाची
(पदवीधर, सोमवारपर्यंत नोकरदार)

ता. क. मुद्दा राहिलाच. अहवालावर दोन अनुभवी खेळाडूंच्या सह्या लागतात. एकाची सही म्हणजे मत, हे प्रमुखांनी माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. शनिवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही आमच्या कचेरीत यावं ही कळकळीची विनंती. बाबा असतील. त्यांना विचारलं, दुसरा कोण बोलवू, तर म्हणाले, “बोलव कोणालाही,” आणि दुसरा कंट्रोलर शर्टाने पुसून ठेवला. त्याचं डावं बटण अजून रुतलेलंच आहे, पण तुम्हाला उजवीकडूनच आवडतं असं ते म्हणाले.

ता. क. २. सत्त्याण्णवचं तुम्हाला सांगू नको असं मला बजावलं आहे. तेव्हा तुम्हाला माहीत नाही असं समजा.

ता. क. ३. काल घरी आले तर पदवी वीतभर उजवीकडे सरकलेली. नवा खिळा. फोटोत आता दहा जण दिसतात. कोणी केलं असं विचारलं तर बाबा म्हणाले, भिंतीला ओल आली होती. हात लावून बघितलं, भिंत कोरडी आहे.

ता. क. ४. (पाकीट आईकडे पत्ता लिहायला दिलं होतं, ते बाबांच्या हाती लागलं. खालचं अक्षर त्यांचं आहे, मी खोडलेलं नाही कारण अहवालात मूळ नोंद खोडू नये असा नियम आहे.)

तीन नाही, चार सेकंद झाले होते. शनिवारी ये, दाखवतो. बूट आण.