लूम थांबलं आणि मी मेलो

ति. आसावरीताईस,

शरच्चंद्रचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघं नवरा-बायको खुशाल आहोत (मी खुशाल कसा, ते पुढे येईलच). शहापूरची शांतता तुला मानवली असं ऐकतो. सकाळी डोकं जड होत होतं, ते थांबलं का? तांदूळ निवडताना डुलकी लागून सूप पालथं झालं म्हणाली होतीस, तसं पुन्हा झालं नाही ना? फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर आजाराचं नाव निघालं की तुझं दूध उतू जायला लागतं. पत्राला ती सोय नाही, शेवटपर्यंत वाचावं लागेल.

झालं असं, की मी अंजूर फाट्यावर झोपलो. शाळेतून स्कूटरवरून येत होतो (हेडक्लार्कला रविवारीही शाळा असते). राहनाळ-वळच्या गोदामांचे कंटेनर नेहमीप्रमाणे अडकलेले. मी एक पाय टेकून उभा राहिलो आणि उभ्याउभ्याच माझा डोळा लागला. ट्रॅफिक सुटलं, पुढचे निघून गेले, मागचे हॉर्न वाजवून दमले, मला पत्ता नाही. शेवटी एक ट्रकवाला खाली उतरला, माझा खांदा हलवून म्हणाला, “चाचा, घर जाके सो जाओ. यहाँ मर जाओगे.” घरी मी हे गंमत म्हणून सांगितलं. विद्युल्लता हसली नाही. तिने गॅस बंद केला आणि सांगितलं, की मी झोपेत घोरताघोरता मधेच श्वास घ्यायचा थांबतो. घरामागच्या काळूरामशेठच्या कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून ती माझ्या छातीवर हात ठेवून जागी असते. कित्येक वर्षं. मला वाटायचं, प्रेमाने ठेवते.

मग तिने मला कल्याण रोडच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे झोप तपासतात. म्हणजे आपण नुसतं झोपायचं, बाकी सगळं ते बघतात. इतकी सोपी परीक्षा आयुष्यात आली नव्हती, आणि ताई, मी इतका कधी घाबरलोही नव्हतो. उन्नती नावाची एक मुलगी डोक्याला, नाकाला, छातीला, बोटाला, पायांना वायरी चिकटवत होती. निघताना विद्युल्लतेने कपाळाला वज्रेश्वरीचा अंगारा लावला होता. उन्नतीने स्पिरिटचा बोळा घेतला आणि तो स्वच्छ पुसून टाकला, म्हणाली, काका, अंगाऱ्यावर वायर चिकटत नाही. तिची चूक काहीच नाही, पण मला त्या क्षणी फार उघडं पडल्यासारखं वाटलं. विद्युल्लतेला घरी पाठवलं. दिवा मालवला. आणि मग ती शांतता आली.

ताई, आपण नारपोलीत जन्मलो. लूम चालू असेपर्यंत आपल्याला झोप, आणि बंद पडलं की सगळी आळी खाटेवर उठून बसते. त्या खोलीत बाहेरचा काडीचा आवाज येत नव्हता. मला आयुष्यात पहिल्यांदा माझाच श्वास ऐकू आला. एक गेला की मी दुसऱ्याची वाट बघायचो. आला की हायसं वाटायचं, आणि पुन्हा वाट. असा माणूस झोपेल कसा? उन्नती दोनदा येऊन म्हणाली, काका, तुम्ही झोपला नाहीत तर मी तपासू काय? शेवटी तिच्या हातापाया पडून (वायरींमुळे लाक्षणिक अर्थाने) विद्युल्लतेला फोन लावला आणि सांगितलं, फोन मागच्या खिडकीत ठेव. तिने ठेवला. माझ्या उशीजवळ काळूरामशेठचा कारखाना सुरू झाला आणि मी पोरासारखा झोपलो.

पण भिवंडीची लाइट. पहाटेच्या सुमारास नारपोलीत लाइट गेली, लूम थांबलं आणि इकडे मी ताडकन जागा झालो. अंधार, पांढरी चादर, हातपाय बांधलेले, आवाज म्हणून नाही. मी मेलो अशी माझी खात्री पटली. आपले गेलेले अण्णा कुठे दिसतात का, म्हणून मी हाकही मारली. आल्या त्या उन्नतीबाई.

सकाळी डॉक्टरबाईंनी घोरण्याचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि बराच वेळ माझ्या घशात बॅटरी मारून बघत राहिल्या. रात्रभर एका लयीत खट-खट घोरणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. (काळूरामशेठला हे सांगितलं तर म्हणाला, “मंग बरोबर हाय, लूमला काय रोग न्हाय.”) पण बोटाच्या आणि नाकाच्या वायरींनी खरं ते सांगितलंच. श्वास थांबतो, वारंवार थांबतो. नाकावर लावून झोपायचं मशीन दिलं आहे. ते लावतो, छान झोपतो, भीती पार गेली. काळजी नसावी.

तुझा,
शरच्चंद्र

ता. क. वरचं पत्र विद्युल्लता वाचणार होती, म्हणून भीती गेली असं लिहिलं. ती आता भाजीला गेली आहे. डॉक्टरबाईंनी विचारलं, वडील कसे गेले? मी अभिमानाने सांगितलं, झोपेत, पुण्यवान माणूस. त्यांनी पुढे विचारलं, घोरायचे का? ताई, अण्णा कसे घोरायचे ते तुला ठाऊक आहे. त्या रात्री लूम चालू होतं. ते गप्प झालेले आपल्यापैकी कुणालाच ऐकू आलं नाही.

ता. क. दुसरा. सकाळी डोकं जड होतं का, बसल्याबसल्या झोप लागते का, हेही त्यांनी विचारलं. मी दोन्हीला हो म्हणालो आणि मला तुझं सूप आठवलं. भाऊजी गेल्यापासून शहापूरला तू एकटी झोपतेस. तुझ्या छातीवर हात ठेवायला कुणी नाही. पुढच्या शुक्रवारसाठी त्या दवाखान्यात तुझं नाव घालून आलो आहे. दूध आधीच उतरवून ठेव आणि ये. लूमचा आवाज फोनमध्ये भरून घेतला आहे, आता लाइट गेली तरी थांबणार नाही. मी बाहेर बाकावर बसेन. अंगारा पुसल्यावर पुन्हा लावायला कुणीतरी हवं.