चंद्रिकेचा उजवा हात

नुंगंबाक्कम, मद्रास
शनिवार, ता. १६ फेब्रुवारी १९६३

तीर्थस्वरूप राजसवन्सं यांना,

महालक्ष्मीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही तिघंही इथे खुशाल आहोत. तुमच्या भावांना ऑफिसात बढती मिळाली, पित्त मात्र होतं तेवढंच आहे. तंजावरात तुमचा दमा कसा आहे? दोन वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा खुशालीतच कागद भरून टाकावा असं वाटतं. पण तुम्ही ओळखालच की ही काहीतरी लपवते आहे.

आधी चांगलं सांगते. परवा गुरुवारी चंद्रिका आपल्या हातानं जेवली. उजव्या हातानं, वन्सं. रसमभात होता. जन्मापासून मूठ मिटलेला तो हात उघडला, भातात गेला, बोटं जुळली आणि घास तोंडाशी पोचला. अर्धा गळ्यात सांडला. मी बघतच राहिले.

गेल्या दिवाळीपासून सोमवार-गुरुवार तिला इस्पितळात नेते. तिथे एक लांब खोली आहे, पाटीवर ऑक्युपेशनल थेरपी असं लिहिलेलं. मला वाटलं, आत यंत्रं असतील, सुया असतील. पाहते तर पितळेचे पेले, कंगवे, कणकेचे गोळे आणि बटणं-हुका शिवलेल्या पाट्या. आपल्याच घरातला पसारा. हे शिकायला इस्पितळ कशाला, म्हणून मी हसलेसुद्धा.

तिथल्या धनलक्ष्मीबाई मुंबईला ही विद्या शिकून आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायला लावलं आणि चंद्रिकेपुढे तिचा झगा ठेवला. आधी दुबळा हात बाहीत, मग धडधाकट. एवढीशी युक्ती, पण सात वर्षांत आपल्या घरात ती कुणाला सुचली नव्हती. मी तो झगा अर्ध्या मिनिटात चढवते. तिला घड्याळावर बावीस मिनिटं लागली. दोनदा मी उठले, दोनदा बाई म्हणाल्या, "पोरुंगो अम्मा, पोरुंगो." जरा धीर धरा. तिसऱ्यांदा चंद्रिकाच म्हणाली, "अम्मा, तू हात लावूं नको. मज येतें."

शेवटचं बटण काजात गेलं तेव्हा कुठे मी मांड्यांखालून हात काढले. एका बटणामागे एवढं सगळं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. डोळ्यांनी नेम धरायचा, एका हातानं कापड ओढायचं, दुसऱ्यानं ढकलायचं, आणि चुकलं की रडायचं नाही. आता ती पेला धरते, केस विंचरते, दात घासते. रोज सकाळी मी तिच्यासमोर नुसती बसून असते, आणि स्वयंपाकाला उशीर झाला म्हणून तुमचे भाऊ कुरकुरतात.

आता लपवलेलं सांगते.

त्या पहिल्या दिवशी बाईंनी तिचा उजवा हात उलटसुलट करून पाहिला. म्हणाल्या, "अशा मुलांचा अंगठा मुठीत अडकून बसतो. हिचा बाहेर आहे. यावर कुणीतरी फार दिवस मेहनत घेतली आहे. कोणी?"

कोणी ते मला माहीत होतं. इथे आमच्याकडे होता तेव्हा आठ महिने रोज सकाळी तुम्ही तिला पायरीवर घेऊन बसत होता. हाताची पाठ चोळून बोटं सैल करायची, चिमटीत कोलमच्या रांगोळीचं पीठ द्यायचं आणि एकेक ठिपका टाकून घ्यायचा. मला वाटायचं, माझ्या पोरीचा हात साऱ्या गल्लीला दाखवता आहात. मग ती पायरीवरून घसरली, हनुवटी फुटली, आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्यांना पोटचं नाही, त्यांनी दुसऱ्याच्या पोरावर प्रयोग करूं नयेत." तुम्ही उठून ट्रंक भरलीत. संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलात, आणि मी थांबा म्हटलं नाही.

तर बाईंनी "कोणी?" विचारलं, आणि मी म्हणाले, "मीच."

झालं. तेव्हापासून त्या मला इतर आयांना शिकवायला बसवतात. अंगठा असा सोडवा, पीठ असं द्या. तुम्ही करायचात तेच मी करून दाखवते. अंबत्तूरहून एक बाई मुलाला कडेवर घेऊन, दोन बस बदलून येते. त्याची बोटं जरा सुटली तेव्हा ती माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

परवा इस्पितळात चंद्रिकेनं तो घास घेतला आणि अकरा आया डोळे पुसत माझ्याकडे बघायला लागल्या. चंद्रिकेनंही बघितलं. तिला सगळं आठवतं, वन्सं. तिनं चहाडी केली नाही, मुकाट्यानं दुसरा घास घेतला. ते मला सोसलं नाही. मी उठून सगळ्यांसमोर सांगितलं, की हा हात माझ्या नणंदेनं उघडला, आणि तिला मी काय बोलले तेही सांगितलं. अंबत्तूरची बाई खाली मान घालून बसली.

धनलक्ष्मीबाई रागावल्या नाहीत. "मग त्या आहेत कुठे?" म्हणाल्या. "माझ्याकडे बत्तीस मुलं आहेत आणि मी एकटी. त्यांना घेऊन या."

मंगळवारी सकाळच्या गाडीनं मी चंद्रिकेला घेऊन तंजावरला येते. तुम्ही आमच्याबरोबर मद्रासला यावं, असं माझं मागणं आहे. नाही म्हणालात तरी तो तुमचा हक्क आहे. पण बोललेलं तोंडानं बोलले होते, माफीही तोंडानंच मागायची आहे.

तुमच्या कष्टावर आपलं नाव सांगून पाया पडून घेणारी,
तुमची भावजय
महालक्ष्मी