जिराफाच्या कानाएवढी

छकुलीच्या आईस,

मी खुशाल आहे. खोकला होता, तोही गेला म्हणायला हरकत नाही. आई गोळ्या वेळेवर घेते ना?

सुट्टीत पोरीला घेऊन आलीस की मत्स्यालय पाहू, तारांगण पाहू. प्राणिसंग्रहालयातला वाघ मात्र दिवसभर झोपा काढतो, तिला उगाच आशा लावू नकोस.

सगळ्यात भारी आमच्या बागेतली छोटी आगगाडी. तिच्या फाटकावर मीच असतो. तिथल्या पाटीवर जिराफ रंगवलाय. त्याच्या कानापेक्षा उंच पोराला गाडीत बसू देत नाहीत. काल एका आजोबांनी नातवाला गुडघे वाकवून उभं केलं. मी बरा सोडतोय! दोघांनाही परत पाठवलं. पोरगं भोकाड पसरून रडलं, पण नियम म्हणजे नियम.

सोबत दोरा पाठवतोय, बरोबर त्या कानाएवढा. छकुलीला भिंतीशी उभं करून मापून बघ. मी निघालो तेव्हा ती माझ्या कमरेला लागत होती. आता कुठवर आली असेल, अंदाजच येत नाही.

दोऱ्यापेक्षा उंच झाली असेल, तर इथे येईपर्यंत तिला गुडघे वाकवायला शिकव.

तुमची वाट बघणारा,
फाटकवाला