फडताळातल्या नखुल्या

मामंजी,

भाकरी दुरडीत हाय, आमटी तेवढी गरम करून घ्या. मी केमला बजामावशीकडं जाते, सांजच्या गाडीनं येते.

दुसऱ्या मोठ्या लढाईत इटलीतल्या म्हातारीनं तुमाला टोमॅटो-लसणाची मॅकरोनी खाऊ घातली, तशी काल करायला गेले. मॅकरोनी मिळाली न्हाय, म्हणून फडताळातल्या, कणकेच्या नखानं वळलेल्या नखुल्या घेतल्या. तुमी एक घास खाऊन ताट सारलं. मला वाटलं मीठ जास्त झालं. त्या नखुल्या आत्याबाईंनी देवाघरी जायच्या आधी वळलेल्या, हे आज सकाळी ह्यांच्याकडून कळलं.

चुकलं माझं. मावशीकडून वळायला शिकून येते, आत्याबाई नि त्या, दोघी बहिणींचा हात सारखाच की. मूठभर उरल्यात, त्या डब्यात ठेवल्यात. चष्मा लावून बघा, प्रत्येकीवर आत्याबाईंच्या नखाची खूण हाय.

शालन